टँकर येण्याआधी परसातली झाडे मोजा

माघ सरून फाल्गुन लागला की शहापूर-मुरबाडकडची हवा आठवडाभरात पालटते. पहाटे गोधडी लागते आणि दुपारी पत्रा तापतो. पळस आणि काटेसावर फुललेली असतात, आंब्याला मोहोर असतो, शेवग्यावर फुले आणि कोवळ्या शेंगा एकाच वेळी दिसतात. शेतातला वाल काढणीला येतो. हे सगळे डोळ्यांना सुखाचे आहे, पण डोक्यावर हंडा वाहणाऱ्या बाईला पुढचे ठाऊक असते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. खाली काळा कातळ असल्याने तो मुरत नाही, वाहून जातो. तानसा धरण 1892 सालचे, भातसा त्यानंतरचे. दोन्ही शहापूर तालुक्यात, दोन्हींचे पाणी मुंबईला जाते, आणि कसारा-डोळखांब भागातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

म्हणून परसातल्या झाडांची मोजदाद करायची ती आताच, 20 मार्चला महाडला जाण्याची तयारी सुरू होण्याआधी. एप्रिलच्या शेवटी मोजायला गेलात तर निम्म्या काटक्या मोजाल.

आरोग्याच्या पानावर झाडांचा हिशेब कशाला, असे कोणी विचारील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण शंभरात जवळजवळ 69 आहे. आधीच्या फेरीपेक्षा दोन्ही आकडे वाढलेले आहेत. आणि आपल्या घरातली हिरवी भाजी सर्वांत आधी कधी बंद होते, तर याच चार महिन्यांत. बाजारात मेथीची जुडी महाग होते, परसातला माठ करपतो, आणि ताटात भात, डाळीचे पाणी आणि सुकट उरते. सुकट चांगलीच आहे, पण पानांची जागा ती घेत नाही.

मोजदाद कशी करायची? मुलाच्या जुन्या वहीचे मागचे पान घ्या. सकाळी ऊन चढण्याआधी घराभोवती एक फेरी मारा. जे झाड दिसेल त्याचे नाव लिहा, मग ते फुललेले असो की सुकलेले. नावापुढे ते काय देते, कोणत्या महिन्यात देते आणि पाणी किती मागते, हे लिहा. एवढे बहुतेक जण लिहितील. मी आणखी एक रकाना मागतो: ते कोण खाते? शेवग्याच्या शेंगा किन्हवलीच्या नाहीतर सरळगावच्या बाजारात गेल्या, पपई पाहुण्याला कापली, लिंबू शेजारी मागून नेले, असे निघाले तर झाड घरात असून घराच्या रक्तात काही आले नाही. विकणे वाईट नाही, मिठा-तेलाचे पैसे त्यातून सुटतात. पण पाच शेंगा विकल्या तर दोन घरात शिजाव्यात, आणि त्या दोनांतली एक शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या ताटात असावी. हा रकाना घरच्या पुरुषाने भरावा, अशी माझी सूचना आहे. त्याला बऱ्याच गोष्टी पहिल्यांदाच दिसतील.

वही भरली की महिन्यांकडे पाहा. एप्रिल, मे आणि अर्धा जून यांच्यापुढे काय आहे? बहुतेक घरांत तिथे कोरी जागा सापडते. जून लागता लागता माळावर शेवळे येतात, मग टाकळा, मग सगळेच हिरवे होते. तोवरच्या दहा-बारा आठवड्यांचा हा प्रश्न आहे.

या कोऱ्या जागेत पहिले नाव शेवग्याचे लिहा. आपण शेंगांसाठी त्याला ओळखतो आणि पाला शेळीला घालतो. खरी संपत्ती पाल्यात आहे. त्यात लोह, कॅल्शियम, क जीवनसत्त्व आणि ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते ते द्रव्य असते. मूळ खोल गेलेले शेवग्याचे झाड पाणी न घालताही मे काढते. कोवळा पाला खुडून मुगाच्या डाळीत घालावा, भाकरीच्या पिठात मळावा. चमचाभर तेल असू द्यावे, कारण अ जीवनसत्त्व तेलाशिवाय अंगी नीट लागत नाही. पाला जास्त असेल तर सावलीत वाळवून कुस्करून बरणीत भरावा, उन्हात वाळवला तर रंग आणि सत्त्व दोन्ही उडतात. शेंगा संपल्या की एप्रिल-मे महिन्यात झाड छातीएवढ्या उंचीवर छाटावे. नवे फुटवे हाताशी येतात, चढायची वेळ येत नाही. शेवग्याची फांदी ठिसूळ असते, तिच्यावर पोराला चढवू नये. दारात शेवगा नसावा ही काही घरांतली समजूत बहुधा या ठिसूळ फांदीतून आणि पावसाळ्यात त्यावर येणाऱ्या केसाळ अळ्यांतून आली असावी. तसे असेल तर झाड दारापासून दहा पावले दूर लावा, तोडायचे कशाला?

दुसरे नाव कैरीचे. आंबा आपला असो की बांधावरचा, एप्रिल-मेमध्ये क जीवनसत्त्वाची सोय फुकटात होते. पानांतले आणि वालासारख्या कडधान्यातले लोह शरीर सहज घेत नाही, बराचसा भाग तसाच बाहेर जातो. त्याच घासाबरोबर कैरी, लिंबू, पेरू किंवा आवळा असेल तर जास्त लोह रक्तात उतरते. वालाच्या बिरड्यावर कच्च्या कैरीच्या चार फोडी, एवढे पुरे. फोडी शिजवू नका, शिजवल्याने क जीवनसत्त्व घटते. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहा लोहाला अडवतो, त्याला तासभर थांबवावे. आपल्या वस्त्यांतला जेवणानंतरचा कोरा चहा मला या बाबतीत कुपोषणाचा सख्खा भाऊ वाटतो.

आता पाण्याचा हिशेब. घरात येणाऱ्या प्रत्येक हंड्यामागे कोणाची तरी मान आणि कंबर दुखलेली असते. झाडासाठी वेगळा हंडा आणायला कोणी सांगत असेल तर ऐकू नका. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी आणि भांड्यांचे दुसरे पाणी, एवढ्यावर जेवढी झाडे जगतील तेवढीच ठेवायची. पाच माणसांच्या घरात असे एक-दीड हंडा पाणी रोज निघते. त्यात लिंबाचे एक रोप, एक पपई आणि मोरीजवळची अळू-मायाळूची चार रोपे निघतात. यापेक्षा जास्त मोह नको. कपड्यांच्या पावडरीचे पाणी पालेभाजीला घालू नये, ते केळीच्या बुंध्याशी सोडावे, तेही रोज एकाच जागी नाही. पाणी पानांवर न टाकता मुळाशी घालावे. रोपाशेजारी जुने मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले, वर झाकण ठेवले, तर पाणी झिरपत राहते आणि दोन-तीन दिवस पुरते. याच दिवसांत राब भाजायला पाला गोळा होतो. त्यातल्या दोन पाट्या घराकडे आणून बुंध्याभोवती पसरा. उघडी माती तापली की पाणी घातलेले दुपारपर्यंत उडते.

मोजदाद म्हणजे नकोशी झाडे काढणेही आले. पपईची फुले लांब देठावर घोसाने लोंबत असतील आणि फळ धरत नसेल तर ते नर झाड आहे, ते पाणी पिते आणि देत काही नाही. जवळपास दुसरा नर असेल तर तुमचा काढून टाका. पपई पिकलेली खावी, मुलांच्या डोळ्यांना ती चांगली. गरोदर बाईने कच्ची, चिकाची पपई टाळावी. सुरण, हळद, करांदे यांची पाने वाळली म्हणजे झाड मेले असे नाही. वहीत जागा खुणावून ठेवा, नाहीतर मे महिन्यात कोणीतरी तिथेच खड्डा खणतो. यंदा काढलेल्या वालातले आणि भोपळ्यातले उत्तम बी खाण्याआधी बाजूला काढून राखेत ठेवा.

फेरी मारताना कुंपणही पाहा. मोगली एरंडाच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात आणि मुले त्या खातात. उलट्या-जुलाब होऊन दवाखान्यात न्यावे लागते. पिवळी कण्हेर त्याहून धोक्याची, ती थेट हृदयावर जाते. धोतरा आणि गुंजही विषारी. लहान मूल असलेल्या घराने ही झाडे हाताच्या अंतरावर ठेवू नयेत. मुलाने खाल्ले तर मीठपाणी पाजून उलटी करवत बसू नका. 108 ला फोन करा आणि जे खाल्ले त्याची फांदी सोबत न्या.

पाणी साठवण्याचे पिंप, डबे, मडकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून आतून घासा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. टंचाईच्या काळात पाणी ओतून देणे जिवावर येते, तेव्हा ते फडक्याने गाळून झाडांना घाला आणि भांडे घासा.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शेवग्याच्या भाजीने रक्त सुधारायला मदत होते, पण फारच कमी झालेले रक्त तेवढ्याने भरून येत नाही. बाईचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली, गरोदरपणी 11 च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. त्या उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. गोळीने शौचाला काळे होते, त्याने घाबरून बंद करू नका. जंताची गोळी मुलांना फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाडीत देतात, ती चुकली असेल तर आशाताईंना विचारा. नियमाने गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर सिकलसेलची तपासणी मागून घ्या. आदिवासी समाजाप्रमाणे आपल्याही समाजात, विशेषतः विदर्भाकडे, हा आजार आढळतो.

पाळीत बाईने रोपाला हात लावला तर रोप सुकते, हे अजूनही काही घरांत बोलले जाते. रोप सुकते ते पाण्यावाचून. तपासायचे असेल तर वहीतच लिहा: कोणत्या दिवशी कोणी पाणी घातले आणि रोप कसे राहिले. दोन महिन्यांत घरातल्या आजीचीही खात्री पटेल.

ज्यांच्या घराला परसच नाही, भिंतीला भिंत लागून आहे, त्यांनी सिमेंटच्या दोन रिकाम्या गोण्या अर्ध्या दुमडून, माती आणि शेणखत भरून पूर्वेच्या भिंतीशी ठेवाव्यात. एका गोणीत मायाळू, दुसरीत कढीपत्ता किंवा मिरची. गोण्यांना खाली भोके पाडा. मायाळूची वेल छपरावर चढली तर खोलीचा पत्राही थोडा कमी तापतो.

आपली वही घेऊन रविवारी विहारात या. कोणाच्या परसात शेवगा नाही आणि कोणाचा छाटायला झाला आहे, हे वंदना झाल्यावर तिथेच कळते. हातभर लांब, अंगठ्याहून जाड फांदी सावलीत ठेवली तर ती पहिल्या पावसापर्यंत थांबत नाही, म्हणून छाटणी आणि लावणी यांत अंतर ठेवू नका: ज्याच्याकडे रोजचे अर्धा तांब्या पाणी आहे त्याने आता लावावी, बाकीच्यांनी जूनची फांदी आजच सांगून ठेवावी.