फ्रिज बंदच होत नाही? मिनिटं नको, युनिटं मोजा

नवा फ्रिज घरात आला की दुसऱ्याच दिवशी दुकानदाराला फोन जातो, ‘कॉम्प्रेसर बंदच होत नाही.’ मे महिन्यात शेवगाव-पाथर्डीकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तो बंद होणार तरी कसा? पहिला दिवसभर फ्रिज अखंड चालला तरी चिंता नको. कडेचे पत्रे गरम लागतात तेही बहुतेक मॉडेलमध्ये ठीकच, आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते.

पुढे साधा कॉम्प्रेसर थंडीत साधारण निम्मा वेळ आणि कडक उन्हाळ्यात तासातला पाऊण तास चालतो. इन्व्हर्टरवाला मात्र मंद गतीनं जवळजवळ सतत चालतो, तो बनवलाच तसा आहे. म्हणून घड्याळ लावून बसू नका, मीटर बघा. घरातलं बाकी सगळं बंद करा (मे महिन्यात पंखा बंद करणं ही शिक्षाच, पण दहा मिनिटं पुरतात) आणि मीटरवरच्या लाल दिव्याची उघडझाप मोजा. मीटरवर 3200 इंपल्स लिहिलं असेल, तर 3200 वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट. 100 वॉटचा कॉम्प्रेसर चालू असताना दिवा मिनिटाला पाचेक वेळा लुकलुकतो.

आता पैशाचं. स्टार लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात. 200 असतील तर महिन्याला सतरा. ही चाचणी प्रयोगशाळेतली, त्यामुळे उन्हाळ्यात दीडपट होणं मी तरी चालवून घेईन. पण 100 वॉटचा साधा कॉम्प्रेसर खरंच चोवीस तास थांबत नसेल, तर महिन्याला 72 युनिटं जातात, म्हणजे 55 जास्तीची. महावितरणचा 100 युनिटांपुढचा दर आधीच्या टप्प्याच्या जवळजवळ दुप्पट असतो आणि बिल आधीच शंभरापुढे असेल तर ही 55 युनिटं महाग दरानंच लागतात. वहन आकारासह युनिटला 11 रुपये धरले तर 605 रुपये, वर 16 टक्के वीज शुल्क. महिन्याला सातशे झाले! तुमचा ताजा दर बिलावर बघून घ्या.

मिस्त्रीला बोलावण्याआधी फुकटातले उपाय करून बघा. भिंतीपासून फ्रिज हातभर नाही तरी वीतभर पुढे ओढा. दारात कागद अडकवून ओढा, सहज निसटला तर रबर सैल आहे. दूध तापवून गरमच आत ठेवण्याची सवय मोडा, आपल्या दुधाच्या जिल्ह्यात ती फार. आतल्या पट्टीवर हवामान वर्ग ‘टी’ आहे का तेही पाहा. हा वर्ग 43 अंशांपर्यंतच्या हवेसाठी असतो, ‘एसटी’ फक्त 38 पर्यंत. वस्तीवर शेतीपंप सुरू झाले की विजेचा दाब पडतो, आणि कॉम्प्रेसर ‘टक्’ करून थांबतो, पुन्हा ‘टक्’. तिथे दोष फ्रिजचा नाही. ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं लिहिलेलं असलं तरी किती व्होल्टपासून, ते विचारा.

कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी बहुधा नुसत्या सुट्या भागाची असते. पहिल्या वर्षानंतर गॅस, मजुरी आणि भेट शुल्क आपल्याच खिशातून जातं, म्हणून खरेदीवेळीच हे लेखी घ्या. वॉरंटीतही टाळाटाळ झाली तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथेही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही, पण बिल आणि वॉरंटी कार्ड मात्र हाताशी हवं.