दूध सोडण्याआधी

माळकरी माणसाला व्हीगन होणं फार सोपं वाटतं. गळ्यात तुळशीची माळ पडली त्या दिवशीच मटण-अंडी सुटलेली असतात. उरतं ते दूध, दही, तूप आणि ताक. त्यात आमच्या पाचोडकडचं रोजचं जेवण म्हणजे बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, मटकीची उसळ, अंबाडीची भाजी, कारळाची चटणी. या ताटात जनावराचं असं काय आहे? म्हणूनच सांगतो, जास्त जपायला हवं ते आपणच. माळकऱ्याच्या पोटात बी-१२ हे जीवनसत्त्व जाण्याची वाट एकच, दुधाची. ती आपल्या हातानं बंद करायची तर दुसरी आधी उघडावी लागते.

मी दूध सोडलं ते गोऱ्ह्यापायी. मोसंबीला शेणखत हवं आणि घरात दूध हवं म्हणून दावणीला संकरित गाय होती. अशा गाईला कालवड झाली की घरात आनंद, गोऱ्हा झाला की सगळे गप्प. त्याला धड वशिंड नसतं, मानेवर जू नीट बसत नाही, आमच्याकडचं ऊन त्याला सोसत नाही. शिवाय पेरणी आता ट्रॅक्टरवर गेली. गोहत्येवर राज्यात १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच, मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. कायदा बरा की वाईट, यावर पारावर भांडायला लोक पुष्कळ आहेत. मला दिसलं ते एवढंच, की गोऱ्ह्याला मारायचं नाही हे ठरलं, पण त्याला दूध कुणी पाजायचं हे ठरलं नाही. पाजलं तर डेअरीत घालायला कमी पडतं. मग तो खंगत जातो, नाहीतर रात्रीतून धुळे-सोलापूर महामार्गाच्या कडेला सोडला जातो. आमचा गोऱ्हा दावणीतच खंगून गेला. त्यानंतर चहातलं दूध घशाखाली उतरेना.

तेव्हा दुधामागे दुःख आहे, हा व्हीगन मंडळींचा मुद्दा मला आजही खरा वाटतो. त्यांच्याइतका सरसकट मात्र नाही. लिंगनिर्धारित वीर्यमात्रा वापरली तर बहुतेक कालवडीच होतात, म्हणजे नकोशा गोऱ्ह्यांचा प्रश्न पुष्कळ कमी करता येतो. दुसरं म्हणजे शेळी. भूमिहीन बाईची बँक तिच्या शेळ्या असतात. दवाखान्याचा खर्च, पोराची फी, पाऊस नसलेलं वर्ष, सगळं ती बोकड विकून निभावते. तिला शहरातून कुणी दयेचे धडे देऊ लागला, तर मी तिच्या बाजूनं उभा राहीन. आणि ज्याला काटेकोर व्हीगन व्हायचंय त्यानं पैठणीचंही बघावं. पैठण आमचा तालुका. एका रेशमी साडीसाठी हजारो कोष आतल्या अळीसकट उष्णतेनं मारले जातात. घरात हा विषय काढला तेव्हा बायको म्हणाली, "मग लग्नातली पैठणी काय जाळून टाकू?" ती आहे तशी पेटीत आहे. नाथषष्ठीच्या काल्याचा प्रसादही मी नाकारत नाही.

आता तब्येतीचं. दूध सोडल्यावर पहिले काही महिने झकास गेले. वजन उतरलं, रक्तातली साखर खाली आली. लोकांना मी मोठ्या आवाजात सांगत होतो, की हा दूध सोडल्याचा गुण. खरं तर दुधाबरोबर पेढे, बासुंदी आणि गोड चहाही गेला होता, गुण त्याचा. नंतर तळपायाला मुंग्या येऊ लागल्या. जीभ लालबुंद, ठेचा लावला की आग. चालताना पायातली चप्पल मागे राहायची आणि मला कळायचं नाही. मधुमेह जुना, त्यामुळे घरच्यांनी, मी आणि डॉक्टरांनीही तो साखरेचाच परिणाम धरला. साखर तर आटोक्यात होती! अखेर दुसऱ्या एका डॉक्टरांनी विचारलं, "खाता काय?" मग बी-१२ तपासलं. साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात, मी त्याच्याही बराच खाली होतो. इंजेक्शनं झाली. जीभ लवकर सुधारली, पाय सावकाश. डाव्या तळव्याचा थोडा भाग अजून बधिर आहे. नस फार दिवस उपाशी राहिली की ती पूर्ववत होईलच असं नाही.

इथे दोन गोष्टी एकावर एक आल्या होत्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ शोषलं जाण्याचं प्रमाण घटतं. त्यात मी दूध बंद केलेलं. यकृतात या जीवनसत्त्वाचा साठा असतो आणि तो पुष्कळदा काही वर्षं पुरतो. म्हणून 'मला तर काहीच झालं नाही' असं सांगणाऱ्या नव्या व्हीगनवर लगेच विश्वास ठेवू नये. तो अजून जुन्या साठ्यावर चाललेला असतो.

आणि दूध पिणाऱ्यांनी हसू नये. मोठ्या माणसाची रोजची गरज दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम, ती भागवायला जवळपास अर्धा लिटर दूध लागतं. चहात पडतं ते कितीसं? पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी निघालं. ती माणसं काही व्हीगन नव्हती.

ज्यांना दूध सोडायचंच आहे त्यांनी बी-१२ ची गोळी घ्यावी, डॉक्टरांना विचारून, कायमची. हे जीवनसत्त्व कारखान्यात जिवाणूंकडून तयार करून घेतात, त्यामुळे तत्त्वाला बाध येत नाही. कॅप्सूलचं वेष्टन मात्र जिलेटिनचं असू शकतं, तेवढं पाहा. आंबील, शेवगा, स्पिरुलिना यांवर भिस्त ठेवू नका. स्पिरुलिनात आढळणारं बहुतांश 'बी-१२' माणसाच्या उपयोगाचं नसतं. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ आहेत, प्रथिनांसाठी डाळ, सोयाबीन, शेंगदाणे. लोहासाठी जेवणाबरोबर मोसंबी किंवा लिंबू खा आणि चहा तासभर लांब ठेवा. आमच्या गावात मोसंबीचा बाजार भरतो, तरी जेवणानंतर आम्ही चहाच पितो.

गरोदर बाई, दूध पाजणारी आई आणि लहान मूल यांच्यावर मात्र आपला निश्चय लादू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्तक्षय आढळला. पाचोडची आरोग्य व्यवस्थापन संस्था बाया-मुलींच्या आरोग्यासाठी कित्येक वर्षं राबते आहे, ते उगाच नव्हे. ज्या घरात सून सगळ्यांत शेवटी जेवते, तिथे सासऱ्याच्या तत्त्वासाठी तिच्या वाटीतलं दूध काढणं ही अहिंसा नव्हे. त्यात आणखी एक खोच आहे. फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी रक्त सुधारलेलं दिसू शकतं आणि बी-१२ ची कमतरता आत नसांचं नुकसान करत राहते.

गांधीजींनी १९१२ मध्ये दूध सोडलं. १९१८ च्या मोठ्या आजारपणानंतर, कस्तुरबांनी सुचवल्यावर, ते शेळीचं दूध घेऊ लागले. व्रताचे शब्द पाळले, आत्मा गेला, अशी कबुली त्यांनी स्वतःच आत्मकथेत दिली आहे. त्यांच्या हाताशी बी-१२ ची गोळी नव्हती, हे जीवनसत्त्व वेगळं करता आलं तेच १९४८ साली. आपल्याला ती औषधाच्या दुकानात मिळते.

दूध सोडा, मी अडवणार नाही, मीही परत सुरू केलेलं नाही. पण सोडण्याआधी रक्त तपासा, वर्षातून एकदा पुन्हा तपासा, आणि कुठल्याही दुखण्यासाठी डॉक्टरांसमोर बसलात की दूध सोडल्याचं त्यांनी विचारण्याआधी सांगा.