डबा किती वाजता उघडतो?

शाळेच्या डब्यात काय द्यावं, याच्या याद्यांना तोटा नाही. सोमवारी मेथीचे पराठे, मंगळवारी इडली, बुधवारी आणखी काही. शाळेत जाणारं मूल असलेल्या बहुतेक घरांत अशी एखादी यादी फ्रीजच्या दारावर लावलेली दिसते. माझं म्हणणं या याद्यांच्या आधीचं आहे. डबा किती वाजता भरला जातो, मधला वेळ कुठे राहतो आणि किती वाजता उघडतो, हे कळल्याशिवाय त्यात काय भरायचं ते ठरवूच नये. पौष्टिकपणाचा विचार त्यानंतर करावा.

आम्ही अकोल्याचे. इथे मार्च सरता सरता पारा चाळिशीच्या घरात जातो. लेक तेव्हा तिसरीत होती, शाळा सकाळची. आदल्या रात्री साडेआठला कुकर झाला होता. उरलेला भात ओट्यावर झाकून ठेवला, पहाटे कांदा, मिरची, शेंगदाणे घालून फोडणीला टाकला, वरून लिंबू पिळलं. फोडणीचा भात वऱ्हाडात घरोघरी होतो. माझ्या आजीच्या घरीही व्हायचा. सव्वासहाला डबा भरला, दहाच्या सुट्टीत उघडला गेला. बाराच्या सुमाराला शाळेतून फोन आला, मुलीला सारख्या उलट्या होताहेत, लगेच या. गेले तर तिच्याशेजारी तिची मैत्रीणही तशीच मलूल होऊन बसलेली. दोघींनी तो भात वाटून खाल्ला होता.

भेटेल तो म्हणत होता, ऊन लागलं असेल. डॉक्टरांनी मात्र आधी विचारलं, "ताई, डब्यात काय होतं?" भात म्हटल्यावर पुढचा प्रश्न, "शिजला किती वाजता?" मी मनातल्या मनात तास मोजले. रात्री साडेआठ ते सकाळी दहा, म्हणजे साडेतेरा तास. एवढा वेळ तो भात ना गरम होता, ना गार. भाताचा नमुना कोणी तपासला नव्हता, त्यामुळे कारण हेच होतं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण एकाच डब्यातून खाल्लेल्या दोन मुलींना दोन तासांच्या आत एकसारख्याच उलट्या होतात, तेव्हा संशय भातावरच जातो, असं डॉक्टर म्हणाले. दोघींना घोट घोट ओआरएस दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघीही उठून बसल्या. मैत्रिणीच्या आईला मी त्याच संध्याकाळी भेटून सगळं सांगितलं. आपल्या घरचा डबा दुसऱ्याच्या लेकरालाही बाधू शकतो, हे मला त्या दिवसापासून विसरता आलेलं नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. एकदा तयार झालेलं हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणजे सकाळच्या फोडणीला खमंग वास येतो, भात वाफाळतो, आणि विष आपल्या जागी असतं. भात आंबलेला नसतो, त्याला तार सुटलेली नसते, चवही बिघडलेली नसते. 'वास घेऊन बघितलं, चांगला होता' ही आपली नेहमीची खात्री इथे कामाची नाही.

म्हणून फोडणीचा भात बंद करा असं मी म्हणत नाही. आमच्याकडे तो आजही होतो. रात्री जेवणं झाली की उरलेला भात पसरट ताटात मोकळा करायचा, तासाभरात गार करून झाकून फ्रीजमध्ये ठेवायचा आणि सकाळी फ्रीजमधून थेट कढईत टाकून चांगली वाफ येईपर्यंत परतायचा. मार्च ते जून मात्र हा भात घरीच खातो. उन्हाळ्यात भात डब्यात जात नाही.

शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात राहिलं की जिवाणू झपाट्याने वाढतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. शाळेचा डबा या दोन तासांत बसत नाही, हे उघड आहे. मग दोनच वाटा उरतात. एक तर अन्न असं कोरडं हवं की त्यात जिवाणूंना पुरेसा ओलावा मिळू नये, नाहीतर उघडताना ते खरोखर गरम हवं. ओलं आणि कोमट, हीच जोडी टाळायची.

ओलावा बहुधा आपणच आत कोंडतो. तव्यावरची पोळी तशीच डब्यात घालून झाकण घट्ट लावलं की वाफ झाकणाला लागते, पाणी होऊन खाली ठिबकते. खालची पोळी ओलीकिच्च होते आणि डबा कितीतरी वेळ कोमट राहतो. पोळ्या जाळीवर किंवा सुती फडक्यावर पसरून पाच-दहा मिनिटं वाफ जाऊ द्या, भाजी कढईतच कोरडी करून थोडी निववा, मग भरा. पोळ्या वर्तमानपत्रात तर गुंडाळूच नका. छपाईची शाई अन्नात उतरते आणि त्यात शिशासारखे घटक असू शकतात, असा इशारा अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दिलेला आहे. धुतलेला सुती रुमाल पुरतो. गरम राहणारा डबा वापरणार असाल तर आधी त्यात उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा, ते ओतून टाका आणि उकळतं गरम अन्न काठोकाठ भरा. अर्धा भरलेला डबा लवकर निवतो.

झाकणातली रबरी रिंग आठवड्यातून दोनदा तरी काढून धुवा. आमच्या डब्याची रिंग सुरीच्या टोकाने उचकटली तेव्हा खाचेत काळपट बुळबुळीत थर निघाला. डबा वरून लख्ख होता, रोज घासला जात होता.

आता सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट. एका रविवारी आम्ही शाळेसारखाच डबा सव्वासहाला भरला, दप्तरात ठेवला, दप्तर गच्चीच्या जिन्यात, आणि दहा वाजता घरातल्या मोठ्यांनी तो खाल्ला. पोह्यांचे गोळे झाले होते. उपमा चमच्याने कापावा लागत होता. भेंडीला पाणी सुटलं होतं. टोमॅटोची चटणी झिरपून रुमालापर्यंत पोचली होती. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पोरगी रोज हे खाते होय!" लेक डबा अर्धा परत आणते म्हणून घरात रोज बोलणी खात होती, ती त्या दिवसापासून थांबली. तुम्हीही हे करून बघा. त्यानंतर आमच्या डब्यात उरलं ते चार तासांनीही खावंसं वाटेल असं. मेथीची पोळी, पाटवड्या, कोथिंबीर वडी, मुगाचं धिरडं, कोरडी मटकी. आणि आमच्याकडचे फुणके. तुरीची डाळ भिजवून, जाडसर वाटून, कांदा-कोथिंबीर घालून वाफवलेले हे मुटके. वाफवून झाले की थोड्या तेलात कोरडे परतायचे, म्हणजे पोळीबरोबर सहज खाल्ले जातात.

डाळीबद्दल थोडं अधिक सांगते. सरकारी शाळांतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणात १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, म्हणजे ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण आहे. सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. मी घरचा डबा या मापाशी लावून पाहिला. दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. डाळीचा दाणा नाही. आपण हौसेने भरलेला डबा पुष्कळदा या सरकारी मापाला उतरत नाही, ही गोष्ट मनाला लावून घेण्यासारखी आहे. २० ग्रॅम डाळ म्हणजे काही फार नव्हे, एक लहान मूठ. धिरड्यात, पाटवडीत, मेथीच्या भाजीत भिजवलेली मुगाची डाळ टाकून ती सहज भरून निघते. मोड आलेली कडधान्यं मात्र कच्ची देऊ नका, वाफवून द्या.

पालेभाजीतलं आणि डाळीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते. म्हणून डब्याबरोबर पेरू किंवा संत्रं द्यावं. विदर्भात राहून संत्र्यासाठी लांब जावं लागत नाही. फळ शक्यतो अख्खं द्या. साल हेच त्याचं उत्तम झाकण. चिरलेली फळं तासाभरात काळी पडतात, उन्हाळ्यात नासतातही. संत्र्याची साल वरून थोडी सोडवून दिली की लहान मुलांना पुढे सोलता येते.

घाईच्या दिवसासाठी बिस्किटांच्या पुड्याऐवजी घरात भाजलेले फुटाणे, शेंगदाण्याचे लाडू, नाचणीचे लाडू असू द्या. अगदी लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात.

मुलांच्या बाजूनेही हा डबा बघायला हवा. दहा-पंधरा मिनिटांच्या सुट्टीत हात धुवायचे, रांग लावायची, झाकण उघडायचं, खायचं आणि थोडं खेळायचंही असतं. पहिलीतल्या मुलांना घट्ट झाकण उघडतच नाही. बाई येईपर्यंत ती डबा घेऊन बसून राहतात. डबा विकत घेताना तो मुलाच्या हातात देऊन उघडायला सांगा. पोळी-भाजी वेगवेगळी देण्यापेक्षा गुंडाळी करून दोन तुकडे करून दिले तर अर्ध्या वेळात खाऊन होतं. डबा परत आला तर रागावण्याआधी विचारा, वेळ पुरला का?

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असं राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवलं. तुमच्या मुलाच्या शाळेची वेळ बदलली असेल तर डब्याचं गणितही नव्याने मांडा. लांबून व्हॅनने येणाऱ्या मुलाचा डबा सातला भरून दुपारी साडेबाराला उघडत असेल, तर ते साडेपाच तास झाले.

आणि पुढच्या पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर हा विषयही काढा. डबा खायला मुलांना निदान वीस मिनिटं मिळतात का, हात धुवायला साबण आणि पाणी आहे का, आणि दप्तरं उन्हाच्या खिडकीखाली तर ठेवली जात नाहीत ना, हे विचारा. एकट्या पालकाने विचारलं तर विषय बाजूला पडतो. चार-पाच जणांनी मिळून विचारा.