मोटार-एंजिनातील क्रँकपेटीचे वायुवीजन

पेट्रोलवर चालणाऱ्या एंजिनात दट्ट्या व सिलिंडर यांमधील फट दट्ट्याच्या कड्यांनी बुजविलेली असते; तथापि ती पूर्णपणे कधीच बुजत नाही. ज्वलनाच्या वेळी सिलिंडरात निर्माण होणाऱ्या दाबामुळे थोडा वायू कड्यांना चुकवून खाली क्रँकपेटीत उतरतो. त्यात न जळलेले पेट्रोल, ज्वलनातून निघालेले वायू आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळाले म्हणजे सुमारे एक लिटर पाणी तयार होते. तेव्हा ही वाफ क्षुल्लक मानता येत नाही. हा वायू कोंडून राहिल्यास पेटीतील दाब वाढतो, सांधे व सील यांतून तेल गळू लागते आणि वंगणतेल आम्लयुक्त होऊन गाळ साचतो.

पूर्वी पेटीला एक नळी जोडून तिचे तोंड मोटारीखाली उघडे सोडीत. लॉस एंजेलिस शहरावर साचणाऱ्या धूरयुक्त धुक्याची कारणे शोधली जाऊ लागली, तेव्हा या उघड्या नळीचाही त्यात मोठा वाटा असल्याचे दिसून आले. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एक छोटी झडप बसविण्यात येऊ लागली. एंजिनाच्या आगमन-नलिकेतील शोषणामुळे क्रँकपेटीतील वायू या झडपेतून ओढला जातो व पेट्रोलमिश्रित हवेबरोबर पुन्हा जळतो. त्याची जागा हवा-गाळणीतून आलेली स्वच्छ हवा घेते. एंजिन मंद चालत असता शोषण तीव्र असते, म्हणून झडप आपली वाट अरुंद करते. भार वाढला की ती रुंद होते.

एंजिनाची शक्ती वाढविण्यासाठी त्यावर टर्बोचार्जर चढविला, म्हणजे हे सारे गणित बदलते. सिलिंडरातील दाब वाढल्याने खाली झिरपणारा वायू वाढतो. शिवाय घडीव दट्ट्यांना बहुधा अधिक मोकळीक द्यावी लागते. एंजिन तापेपर्यंत त्यातूनही वायू सुटतो. आणि नेमक्या याच वेळी आगमन-नलिकेत शोषणाऐवजी दाब असतो! झडप उलट प्रवाह रोखण्यासाठी बंद होते. ती जीर्ण असेल तर टर्बोचार्जरची हवा थेट पेटीत शिरते. म्हणून भाराच्या वेळी वायूला दुसरी वाट हवी. ती हवा-गाळणीच्या पुढे, पण टर्बोचार्जरच्या अलीकडे उघडणारी असावी, कारण तेथे सौम्य शोषण कायम असते. नळ्याही पुरेशा रुंद हव्यात. वायूबरोबर येणारे तेलाचे तुषार जळणाऱ्या मिश्रणात मिसळल्यास एंजिन ठोके देऊ लागते. यास्तव वाटेत आडपडदे व जाळी असलेली तेल-संग्राहक टाकी बसवितात.

काही कारागीर याहून सोपा मार्ग पत्करतात: नळी काढून पेटीच्या तोंडावर छोटी गाळणी लावतात व वायू मोकळा सोडतात. शर्यतीच्या मार्गावर उघडी नळी काही नियमांखाली चालते. आंतरराष्ट्रीय मोटार-क्रीडा महासंघाच्या नियमांत अशा नळीसाठी २००० घन सेंटिमीटरपर्यंतच्या एंजिनास दोन लिटरची टाकी सांगितलेली आढळते. पण २०११ मध्ये ग्रेटर नोएडा येथे खुला झालेला बुद्ध शर्यतमार्ग वेगळा आणि दिल्लीचा रस्ता वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९९ रोजी राजधानी क्षेत्रातील खासगी मोटारींना युरोपीय धर्तीची उत्सर्जन-मानके देशाच्या इतर भागांआधी लागू केली, ती येथील हवेची अवस्था पाहूनच. सध्याच्या मानकांनुसार नव्या पेट्रोल मोटारीच्या क्रँकपेटीतील वायू बाहेर सुटता कामा नये. मोटार-वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नेही वाहनातील फेरफारांवर बंधने घातलेली आहेत.

उघडी नळी मालकालाही महाग पडते. झडप जोडलेलीच राहिली, तर मंदगतीत पेटी त्या तोंडातून बाहेरची हवा ओढते. दिल्लीत मे-जूनच्या धुळीत छोटी गाळणी लवकर तुंबते, आणि चुकून आत गेलेला बारीक कण बेअरिंगे घासू लागतो. हवा मोजणारे यंत्र असलेल्या एंजिनात ही हवा मोजणीबाहेर राहते व मिश्रण विरळ होते.

व्यवस्था ठीक आहे की नाही हे सहज तपासता येते. एंजिन मंद चालू ठेवून, स्वच्छ हवेची नळी क्षणभर बंद करून, तेल भरण्याच्या तोंडावर जाड कागद ठेवावा. तो हलकेच आत खेचला गेला तर पेटीत योग्य शोषण आहे. तो उचलला गेला तर झडप तुंबली आहे किंवा कड्या झिजल्या आहेत. फिरणाऱ्या पट्ट्यांपासून हात व कपडे अर्थातच दूर ठेवावेत. डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः जवळच्या फेऱ्यांत, टाकीत तेलाऐवजी दुधाळ पाणी साचते. ते दर आठवड्यास काढून भांड्यात घ्यावे, गटारात ओतू नये.