पगार वाढला, विमा सुटला

अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी सीएनसी मशीन चालवतो. पगार 20,000 होता तेव्हा दर महिन्याच्या स्लिपवर ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, 150 रुपये कापलेले दिसायचे. मालक वरून 650 भरायचे. तेवढ्यावर सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात घरच्यांचेही उपचार व्हायचे.

दिवाळीत पगार 22,500 झाला. घरी पेढे आले. ईएसआयची मर्यादा मात्र 21,000 आहे. नियमाप्रमाणे मार्चअखेरपर्यंत वर्गणी कापली गेली आणि एप्रिलच्या स्लिपवरून ती ओळच गेली. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढच्या जुलै ते डिसेंबरचा हक्क मिळतो, तोही सरला. जानेवारीत घरासाठी पॉलिसी घेतली. फेब्रुवारीत पत्नीच्या पित्ताशयाचे ऑपरेशन करावे लागले. त्या आजाराला पॉलिसीत दोन वर्षांची प्रतीक्षा होती, म्हणून क्लेम नामंजूर झाला. बिल 84 हजारांचे. पतसंस्थेचे हप्ते अजून चालू आहेत.

म्हणून सांगतो, पगार 21,000 च्या जवळ आला की मालकांना आधीच विचारा, ‘ईएसआयनंतर काय?’ या मर्यादेत ओव्हरटाइम धरत नाहीत, हेही लक्षात ठेवा. ग्रुप पॉलिसी मिळणार असेल तर जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेत का, आईवडील त्यात आहेत का आणि खोलीभाड्याची मर्यादा किती, हे कागदावर बघा. महागडी खोली घेतली की अनेक पॉलिसींत डॉक्टरांच्या फीचेही पैसे त्याच प्रमाणात कापतात. ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर संपते. नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय विचारा.

स्वतःची पॉलिसी शक्यतो ईएसआय चालू असतानाच घ्या, म्हणजे प्रतीक्षेचा काळ हक्काच्या उपचारांच्या आधाराने निघून जातो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. जिथे दहापेक्षा कमी माणसे आहेत आणि ईएसआय लागू नाही, तिथल्यांनी रेशनकार्ड नीट करून ठेवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ठरावीक आजारांवर आणि योजनेतल्याच रुग्णालयात. जवळचे रुग्णालय त्यात आहे का, ते आजच बघा.

मालकांनाही कळकळीची विनंती: पगारवाढीच्या पत्रातच ईएसआय कधी बंद होणार आणि त्याजागी काय मिळणार, हे लिहून द्या.