आपला अर्ज आपल्या हाती

प्रवरा नदीच्या काठी नेवासे हे गाव आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका येथे सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. ज्या दगडी खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसत, तो खांबही तेथे भाविकांना दाखवितात. ज्ञानेश्वरांचे नाव सर्वांच्या मुखी आहे. पण लेखकाचा तो शांत हात आपण सहसा आठवत नाही. बोललेला शब्द वाऱ्यावर विरून जातो. लिहिलेला शब्द मागे उरतो.

नेवासे ज्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या मुख्य शहरातून १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे मराठी नियतकालिक निघू लागले. बोरूने लिहिलेली पोथी एकच असते. छापखान्यात मात्र एका मजकुराच्या शेकडो प्रती निघतात. लिहिण्याची साधने अशी बदलत गेली; पण लिहिता येणे ही शक्ती कित्येक वर्षे थोड्यांच्याच हाती राहिली. शेतकऱ्याला सरकारी कचेरीत अर्ज द्यावयाचा असेल, तर कचेरीबाहेर बसलेल्या लेखनिकाला पैसे देऊन तो लिहवून घ्यावा लागे. त्याने कागदावर काय लिहिले, हे खाली अंगठा उठविणाऱ्याला कळत नसे. अर्ज शेतकऱ्याचा, गरज त्याची, पण शब्द मात्र परक्याचे!

आज अंगठ्याची जागा सहीने घेतली आहे. तरीसुद्धा एक नवा उंबरठा आपल्यापुढे उभा आहे. पाथर्डी तालुक्यातील एखाद्या वाडीवरची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडणीसाठी दूर जातात. आजीजवळ राहून ती बारावी उत्तीर्ण झाली आहे. एका संस्थेत लिपिकाची जागा निघाल्याचे तिला कळते. अर्जाची मुदत उद्या संपणार असते. ती एस. टी. ने तालुक्याच्या गावी जाते आणि संगणकाच्या दुकानात रांगेत उभी राहते. दुकानदार घाईत असतो. तो भराभर अर्ज टंकित करतो आणि तिच्या आडनावातील एक अक्षर चुकते. पुढे कागदपत्रे तपासताना अधिकारी विचारतात, “प्रमाणपत्रावर एक नाव आणि अर्जावर दुसरे, असे कसे?” चूक तिची नसते, पण तिचा त्रास मात्र तिलाच भोगावा लागतो. ज्याला संगणकावर आपला अर्ज स्वतः लिहिता येतो, त्याला अशा वेळी दुसऱ्याच्या घाईवर अवलंबून राहावे लागत नाही. ही कला कशी शिकावी, ते या पाठात आपण पाहू.

यंत्राची ओळख

संगणकाच्या आधी टंकलेखन यंत्र होते. अमेरिकेतील क्रिस्टोफर शोल्स याने दोन सहकाऱ्यांसह १८६८ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले. इंग्रजी अक्षरांचा जो क्रम त्याने पुढे ठरविला, तो जवळजवळ तसाच आजच्या संगणकाच्या कळफलकावर आढळतो. भारतात १९५५ साली गोदरेज कंपनीने देशी बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले. त्यानंतर कितीतरी वर्षे गावोगावच्या टंकलेखन वर्गांतून कळांचा टकटक आवाज ऐकू येत असे.

त्या यंत्रात एक मोठी अडचण होती. कळ दाबली की अक्षर कागदावर उमटे आणि उमटलेले अक्षर परत घेता येत नसे. शेवटच्या ओळीत चूक झाली, तर कधी कधी संपूर्ण पान पुन्हा लिहावे लागे. संगणकावर अक्षर प्रथम पडद्यावर उमटते. ते पुसता येते, हलविता येते, लहानमोठे करता येते. मजकूर निर्दोष झाल्यावरच तो कागदावर उतरवावयाचा असतो. मजकूर लिहिणे, सुधारणे, मांडणे आणि साठविणे या सर्व कामांना मिळून शब्दसंस्करण असे म्हणतात. त्यासाठी निरनिराळ्या आज्ञावल्या मिळतात. त्यांपैकी लिबरऑफिस ही विनामूल्य आहे. म्हणून पैशांअभावी कोणी शिकण्याचे थांबू नये.

बोटांचे शिक्षण

पाठ ताठ ठेवून बसावे. पावले जमिनीवर टेकलेली असावीत. कळफलकावरील इंग्रजी ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवर लहानसा उंचवटा असतो. डाव्या हाताची तर्जनी ‘एफ’वर आणि उजव्या हाताची ‘जे’वर ठेवावी. उंचवटा हाताला लागतो, म्हणून खाली न पाहताही बोटांना आपले घर सापडते.

मराठी लिहिण्यासाठी भारत सरकारने प्रमाण ठरविलेल्या कळफलकाला ‘इन्स्क्रिप्ट’ असे नाव आहे. त्याची रचना समजण्यास सोपी आहे. स्वर आणि स्वरांच्या खुणा डाव्या हाताकडे आहेत; बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. ‘क’ ज्या कळेवर आहे, तीच कळ ‘शिफ्ट’ दाबून धरून वापरली की ‘ख’ उमटतो. ‘ग’चा ‘घ’ होतो, ‘त’चा ‘थ’ होतो. आपल्या वर्णमालेतील शिस्त येथेही उपयोगी पडते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. अक्षरे जशी दिसतात त्या क्रमाने नव्हे, तर जशी उच्चारली जातात त्या क्रमाने कळा दाबावयाच्या असतात. ‘शिर्डी’ हा शब्द घ्या. पहिली वेलांटी ‘श’च्या आधी दिसते, पण बोलताना ‘श’ आधी येतो. रफार ‘ड’च्या डोक्यावर दिसतो; पण ‘र’चा उच्चार ‘ड’च्या आधी होतो. म्हणून श, पहिली वेलांटी, र, हलन्ताची खूण, ड, दुसरी वेलांटी अशा सहा कळा ओळीने दाबाव्यात. पडद्यावर ‘शिर्डी’ आपोआप नीट जुळून येते.

पूर्वी निरनिराळ्या कंपन्यांचे मराठी अक्षरसंच एकमेकांशी जुळत नसत. एका संगणकावर लिहिलेले पत्र दुसऱ्यावर उघडले, तर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. १९९१ साली ‘युनिकोड’ या व्यवस्थेची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. ‘क’चा क्रमांक जगभर एकच आहे, म्हणून नेवाशात लिहिलेला ‘क’ न्यूयॉर्कमध्येही ‘क’च राहतो. आपण नेहमी युनिकोडमध्येच लिहावे.

सुरुवातीला वेगाची घाई करू नये. आधी अचूकपणा, मग वेग. महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखकाच्या शासकीय जागांसाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला किमान ३० शब्द लागतो. या वेगाने तीनशे शब्दांचे पान दहा मिनिटांत पुरे होते. टंकलेखनाची शासकीय परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. रोज अर्धा तास सराव करणाऱ्याची बोटे हळूहळू आपोआप चालू लागतात. सायकल शिकताना जसे होते, तसेच हे आहे.

अर्जाची मांडणी

आता वाडीवरच्या त्या मुलीने स्वतः लिहिलेला अर्ज वाचू.

> अ. ब. क.
> ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर
> दिनांक : १० जून
>
> माननीय सचिव,
> दूध उत्पादक सहकारी संस्था, यांसी
>
> विषय : लिपिकाच्या जागेसाठी अर्ज
>
> महोदय,
>
> आपल्या संस्थेत लिपिकाची एक जागा रिकामी असल्याची जाहिरात मी ८ जूनच्या वर्तमानपत्रात वाचली. त्या जागेसाठी मी अर्ज करीत आहे.
>
> मी बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाले आहे. मराठी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्द वेगाची परीक्षाही मी उत्तीर्ण झाले आहे. वाडीवरील महिला बचत गटाचा जमाखर्च मी दोन वर्षे लिहीत आहे.
>
> मला मुलाखतीची संधी द्यावी, ही विनंती.
>
> आपली विश्वासू,
> अ. ब. क.
>
> सोबत : १. गुणपत्रिकेची प्रत, २. टंकलेखन प्रमाणपत्राची प्रत

हा अर्ज किती थोडक्यात आहे पाहा! कोणती जागा, ती कशी कळली, अंगी काय गुण आहेत आणि मागणे काय आहे, एवढेच त्यात आहे. “मी फार गरीब आहे, कृपा करून मला घ्या,” अशी याचना त्यात नाही. जे येत नाही ते येते, असा खोटा दावाही नाही. बचत गटाचा जमाखर्च ही गोष्ट तिला क्षुल्लक वाटली असती, तर तिने ती लिहिलीच नसती. परंतु हिशेब चोख ठेवणारा माणूस प्रत्येक संस्थेला हवा असतो. घरी, शेतात, दुकानात आपण जी कामे करतो, तीही आपली योग्यताच होय.

अर्ज लिहिताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात :

१. सामान्यतः ‘ए-४’ आकाराचे पान निवडावे. ते २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर लांब असते. चारही बाजूंना सुमारे अडीच सेंटिमीटर समास सोडावा.

२. मजकूर उजवीकडे सरकविण्यासाठी मोकळ्या जागेची लांब कळ पुनःपुन्हा दाबू नये. त्यासाठी ‘टॅब’ ही कळ किंवा ओळ उजवीकडे लावण्याची आज्ञा वापरावी. तसे न केल्यास एक शब्द बदलताच सगळी मांडणी विस्कटते.

३. नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी अक्षरशः जुळवून पाहावी.

४. लिहिता लिहिता मजकूर जतन करावा. ‘कंट्रोल’ आणि ‘एस’ या कळा एकत्र दाबल्या की काम होते. वीज केव्हा जाईल, याचा नेम नसतो!

५. मजकूर जतन करताना त्याला अर्थपूर्ण नाव द्यावे. ‘नवीन १’ यापेक्षा ‘लिपिक अर्ज जून’ हे नाव नंतर चटकन सापडते.

६. पूर्ण झालेला अर्ज पाठविताना ‘पीडीएफ’ स्वरूपात पाठवावा. त्यामुळे दुसऱ्याच्या संगणकावर मांडणी बदलत नाही.

७. अर्ज मोठ्याने वाचावा आणि नंतर दुसऱ्या कोणाला तरी वाचावयास द्यावा. आपली चूक आपल्या डोळ्यांना सहज दिसत नाही.

८. दुकानातील किंवा शाळेतील संगणक वापरला असेल, तर आपली कागदपत्रे त्यावर मागे ठेवू नयेत. ती पुसून मगच उठावे.

रोजच्या कामातील उपयोग

ही विद्या केवळ नोकरीसाठी नव्हे. वाडीवरचा दिवा बंद पडला, तर ग्रामपंचायतीला अर्ज करावा लागतो. बचत गटाच्या सभेचे इतिवृत्त लिहावे लागते. कांदा बाजारात नेताना गोण्यांची यादी करावी लागते. वाढदिवसाचे निमंत्रण, शाळेतील रजेचा अर्ज, वाचनालयातील पुस्तकांची सूची ही सर्व कामे याच साधनाने होतात. एकदा नीट तयार केलेला अर्ज जतन करून ठेवला, तर पुढच्या वेळी तारीख आणि विषय बदलला की नवा अर्ज तयार होतो. मात्र जुन्या अर्जावरून नवा करताना जुनी तारीख तशीच राहिली नाही ना, हे अवश्य पाहावे.

त्या मुलीला ती जागा मिळाली की नाही? एका जागेसाठी पुष्कळांचे अर्ज येतात. चांगला अर्ज केला म्हणजे नोकरी मिळेलच, असे कोणालाही सांगता येणार नाही. पण एवढे खरे, की तिचा अर्ज चुकीच्या अक्षरामुळे बाजूला पडला नाही. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत वाचणाऱ्यापर्यंत पोहोचले. आणि दिवाळीनंतर ऊसतोडणीला निघण्यापूर्वी आई जेव्हा म्हणाली, “बाई, रेशनकार्डावर तुझ्या भावाचं नाव चढवायचं राहिलंय, कुणाकडून लिहून घ्यावं?” तेव्हा ती हसून म्हणाली, “कुणाकडून कशाला? आई, तू सांग, मी लिहिते.”

आई सांगत गेली आणि मुलगी लिहीत गेली. अर्ज पुरा झाल्यावर तिने तो आईला वाचून दाखविला. एका ठिकाणी आई म्हणाली, “हे असं नाही, असं लिही.” मुलीने ती ओळ लगेच बदलली. आपल्याच अर्जातील एक ओळ आपल्या शब्दाप्रमाणे बदललेली त्या माउलीने आयुष्यात प्रथमच पाहिली.

शब्दार्थ

बोरू – लिहिण्यासाठी वापरावयाची वेताची लेखणी. लेखनिक – दुसऱ्याचे म्हणणे लिहून घेणारा. टंकित करणे – यंत्रावर अक्षरे उमटविणे. आज्ञावली – संगणकाला काम कसे करावे हे सांगणाऱ्या सूचनांचा संच. समास – पानाच्या कडेची मोकळी जागा. इतिवृत्त – सभेतील कामकाजाची लेखी नोंद. क्षुल्लक – किरकोळ.

अभ्यास

१. “अर्ज शेतकऱ्याचा, गरज त्याची, पण शब्द मात्र परक्याचे!” या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

२. टंकलेखन यंत्र आणि संगणक यांत कोणता महत्त्वाचा फरक आहे?

३. युनिकोडमुळे कोणती अडचण दूर झाली?

४. ‘कर्जत’ आणि ‘श्रीगोंदा’ हे शब्द लिहिताना कळा कोणत्या क्रमाने दाबाल, ते लिहा.

५. अहिल्यानगर जिल्ह्यातील चौदा तालुक्यांची नावे संगणकावर न पाहता टंकित करा. चुका मोजा. आठवड्याने पुन्हा करून पाहा.

६. घरातील वडील माणसांना एखादा अर्ज द्यावयाचा आहे का, ते विचारा. त्यांचे म्हणणे ऐकून अर्ज लिहा, त्यांना वाचून दाखवा आणि त्यांनी सांगितलेला बदल करा.