फुगडी : मुलींच्या हाडांची गरज

मुलीला ऋतुप्राप्ती होताच पुष्कळ माता तिचे उड्या मारणे थांबवितात, हे पांढुर्णा-सौंसर भागात बालरोगतज्ज्ञ या नात्याने मी नित्य पाहतो. नेमका हाच काळ अस्थिसंचयाचा. त्यातील सुमारे ९० टक्के संचय अठराव्या वर्षापर्यंत होतो. हाडांना त्यासाठी भार हवा. मंगळागौरीची फुगडी, झिम्मा, पिंगा तो भार देतात, अंगण पुरते. (सासुरवाशिणींना मोकळे हसता येते, हा लाभ वेगळाच.) वेदना नसल्यास पाळीतही खेळावे. चार गिरक्यांत धाप लागणारी मुलगी आळशी नसते; तिचे हिमोग्लोबिन तपासावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. बाळंतिणीने मात्र ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सावरेपर्यंत बसफुगडी टाळावी. आधी टाळ्यांचा झिम्मा.